तबला आणि ऑर्केस्ट्रा: कागदावर काय लिहायचं आणि काय मोकळं सोडायचं?

आमद_वाला (प्रश्न)

एकल तबला आणि छोटा ऑर्केस्ट्रा अशी चौदा-पंधरा मिनिटांची रचना लिहितोय. झाकीर हुसेन यांचा 'पेशकार' डोळ्यासमोर आहे (सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी लिहिलेला, पहिला प्रयोग सप्टेंबर 2015, मुंबईचं एनसीपीए). आवाका मात्र त्याच्या पावपट: तंतुवाद्यं, दोन फ्लूट, दोन हॉर्न, बस्स. टिंपनी नाही.

सुरुवात पेशकाराची (एकल तबल्यातला सावकाश उलगडत जाणारा पहिला भाग), मधला भाग रूपकात (सात मात्रा), शेवट द्रुत तीनतालात (सोळा मात्रा, जलद लय). तबल्याचं सगळं भातखंडे लिपीत (आपल्या संगीताची लेखनपद्धत) लिहून तयार आहे. स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य, पाच रेषांचं) वाचता येतं, पण लिहायचा सराव नाही. अडतंय ते असं:

तबल्याचा भाग स्टाफवर कसा उतरवायचा आणि किती? प्रत्येक बोल लिहिला तर पेशकाराचा जीव जातो, काहीच नाही लिहिलं तर कंडक्टर कशाच्या आधारावर हात देणार? तबला काळी एकला (सी शार्प) आहे, तो चालेल का? आणि विस्तार (तबलजी आयत्या वेळी करतो ती बढत) चालू असताना बाकीचे तीस जण काय करत बसतात?

वाद्यवृंदात बसणाऱ्यांनी, साउंडवाल्यांनीही लिहा. 'गुरूंना विचारा' हे उत्तर नको, त्यांनीच इकडे पाठवलंय. 😄

---

खाली_भरी

आधी नोटेशन. इथे दोन वेगळे कागद लागतात हे मान्य केलं की निम्मं भांडण मिटतं. तबलजीचा कागद वेगळा, कंडक्टरच्या स्कोअरमधली (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत) तबल्याची ओळ वेगळी. तबलजीला भातखंडे लिपीच द्या, ती त्याच्या बोटात आहे. फक्त प्रत्येक आवर्तनाच्या (तालाची एक फेरी) डोक्यावर स्कोअरमधला बार क्रमांक (बार म्हणजे ठोक्यांचा एक कप्पा) लिहा. हे राहून गेलं की तालमीत 'बार 87 पासून' असं कुणी म्हणतं आणि तबलजी पानं उलटत बसतो.

स्कोअरमध्ये पाच रेषांचा स्टाफ तबल्याला नको. दोन रेषा पुरतात, वर दायां (उजव्या हाताचा), खाली डग्गा (डाव्या हाताचा). ना, ता, तीं असे वाजते बोल साध्या नोटेने. ते, टे, क असे बंद बोल फुलीच्या नोटेने. धा म्हणजे दोन्ही रेषांवर एकदम. डग्ग्याची मींड (मनगट सरकवून चढवलेला सूर) असेल तर खालच्या रेषेवर नोटेपासून वर जाणारी तिरकी रेघ. खाली रोमन अक्षरांत बोल. एवढं बघून कंडक्टरला कान कुठे लावायचा ते कळतं, आणि या ओळीकडून तेवढीच अपेक्षा आहे. पहिल्या पानावर चार ओळींची खूणसूची द्यायला विसरू नका.

किती लिहायचं? पेशकारात मुखडा (सुरुवातीचा ठरलेला तुकडा) पूर्ण लिहा, मग विस्ताराच्या जागी रिकामे बार (तिरक्या रेघा) आणि वर 'विस्तार, 6 आवर्तनं'. शेवटचं आवर्तन पुन्हा बोलन् बोल लिहिलेलं. तिहाई (एकच तुकडा तीनदा, शेवट समेवर म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) असेल तिथे शंभर टक्के लिहायची, तडजोड नाही. कारण सांगतो. ही साधी तिहाई घ्या:

तिट कता गदि गन धा

पाच मात्रांचा तुकडा, मध्ये एकेका मात्रेचा दम (थांबा). 5+1+5+1+5 म्हणजे 17. तीनतालात समेपासून उचलली की बरोबर पुढच्या समेवर. आता हीच 4/4 मध्ये (बारमागे चार ठोके) मांडा:

बार 1: तिट कता गदि गन
बार 2: धा – तिट कता
बार 3: गदि गन धा –
बार 4: तिट कता गदि गन
बार 5: धा

पहिला धा बघा कुठे पडला: दुसऱ्या बारच्या पहिल्या ठोक्यावर. आपल्याला माहीत असतं की अजून दोन यायचेत. व्हायोलिनच्या चौथ्या डेस्कला (एका स्टँडवर वाचणारी जोडी) ते माहीत नसतं. त्याला एक भरीव धा ऐकू आला, तोही डाउनबीटवर (बारचा पहिला ठोका), आणि तो तीन बार आधीच धाडकन आत येतो. ही चूक कुणा एकाची नाही, ज्यांच्या कागदावर तिहाई नव्हती त्या सगळ्यांची तीच होते. म्हणून तिहाईचे चारही बार सगळ्यांच्या पार्टमध्ये (ज्याच्या त्याच्या कागदावर) छोट्या नोटांत (क्यू म्हणजे आत येण्याची खूण म्हणून) छापा, आणि तीन धांवर 1, 2, 3 असे आकडे टाका.

गंमत म्हणजे हाच तुकडा रूपकात बेदम (मध्ये न थांबता) घेतला तर दोन आवर्तनांत तंतोतंत बसतो, 15 म्हणजे 14 अधिक सम:

बार 1: तिट कता गदि गन धा तिट कता
बार 2: गदि गन धा तिट कता गदि गन
बार 3: धा

इथे एकही मधला धा डाउनबीटवर येत नाही, त्यामुळे ऑर्केस्ट्राला ही तिहाई उलट सोपी जाते. एकच तुकडा दोन्ही भागांत वापरलात तर रचनेलाही धागा मिळेल.

रूपकाबद्दल अजून एक. तुम्ही 7/4 लिहाल, 3+2+2. पाश्चात्त्य वादकाचा हात सवयीने पहिल्या ठोक्यावर जोर देतो. आपली रूपकाची सम मात्र 'खाली'च्या (बिनजोराच्या) जागी, 'तीं तीं ना', डग्गा बंद. सेलो-बासने तिथे भरभक्कम सूर दिला की रूपकाचा रूपकपणाच गेला, उरतो फक्त सातचा हिशेब. तेव्हा खालची वाद्यं चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, म्हणजे 'धीं ना' सुरू होतो तिथे ठेवा, आणि पहिल्या मात्रेवर वरची वाद्यं, पिझिकाटो (गज न वापरता बोटाने छेडून), हलकी. वर 'जोर नको' असं शब्दांत लिहिलेलंही चालतं.

लयकारीचं लेखन सोपं आहे: आड म्हणजे दोनच्या जागेत तीन, कुआड चारात पाच, बिआड चारात सात. ब्रॅकेटवर 3:2, 5:4, 7:4 लिहिलं की जगातला कुठलाही वादक वाचतो.

---

तिसरा_डेस्क

खाली_भरी यांच्या म्हणण्याला सगळ्या तंतुवाद्यवाल्यांचं अनुमोदन समजा. आता आमच्या बाजूचं.

काळी एक म्हणजे सी शार्प. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. व्हिओला-सेलोच्या सी, जी, डी, ए. सी शार्पच्या सप्तकात यातली एकही तार षड्ज-पंचम म्हणून वाजत नाही. सगळा वेळ दाबलेल्या तारा, वाद्य घुमत नाही, आणि छोटा ताफा असेल तर सुरेलपणाही ढासळतो. पांढरी दोनचा (डी) तबला आणा. षड्ज आणि पंचम दोन्ही मोकळ्या तारांवर, फरक पहिल्या बारपासून ऐकू येईल.

शिवाय डीचा एकच तबला तीन सुरांत चालतो. रचना डीत असेल तर तो षड्ज. मधला भाग जीमध्ये नेलात तर तोच पंचम. एमध्ये नेलात तर मध्यम (पंचमाच्या रागात मध्यम घुमत राहिलेला चालेल का, ते रागावर ठरवा). म्हणजे तबला न बदलता स्वरांतर करता येतं. दुसरा तबला वापरायचाच असेल तर बदलायला मोकळी जागा लिहा. मध्यलयीत सहा-आठ बार तरी हवेत: चुंबळ सरकवणं, बसवणं, एकदा हलकेच ना वाजवून सूर बघणं. दोन बारांत हे होत नाही.

विस्तारात आम्ही काय करायचं? लेहरा, म्हणजे तबल्याखाली फिरत राहणारी सुरावट. सोळा मात्रांचा असा नगमा सेलो आणि एका फ्लूटला द्या. पण वीस आवर्तनं तीच ओळ एका माणसाकडून वाजवून घेऊ नका. मनगट थकतं, लक्ष उडतं आणि लय नेमकी तिथेच सुटते. दर चार आवर्तनांनी सेलोकडून व्हिओलाकडे, तिथून दुसऱ्या व्हायोलिनकडे अशी पास करा. श्रोत्यालाही रंग बदललेला ऐकू येतो.

कागदाबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो:

पार्ट ए4 वर छापू नका. दोन माणसं एका स्टँडवर वाचतात, डोळ्यांपासून अंतर हातभर. बी4 किंवा 10 बाय 13 इंच, स्टाफची उंची 7 ते 7.5 मिमी. पान उलटायची जागा विरामात यावी. तंतुवाद्यांना प्रत्येक डेस्कला एक प्रत लागते. समजा 10-8-6-6-4 असा ताफा असेल तर माणसं चौतीस, प्रती सतरा. हॉर्न-फ्लूटला प्रत्येकाला स्वतंत्र. आठ-दहा बारांपेक्षा मोठा विराम असेल तर त्यानंतर क्यू हवा. आणि तालमीची अक्षरं (ए, बी, सी) नेमकी समेवर टाका, आवर्तनाच्या मध्यावर नाही. मग तबलजी आणि आम्ही एकाच जागेवरून सुरू करू शकतो.

पार्ट चार ते सहा आठवडे आधी पोचवा. बोइंग म्हणजे गज वर की खाली ते ठरवायला मुख्य व्हायोलिनवादकाला वेळ लागतो. ऑर्केस्ट्राकडे एका कार्यक्रमाला तालमी मोजक्याच असतात, त्यातली तुमच्या वाट्याला अडीच तासांची एखादी, फार तर दीड. आपल्याकडे 'बसून जमवू' म्हणतात तसं जमवायला तिथे कुणी बसत नाही.

सॉफ्टवेअर: म्यूझस्कोर फुकट आहे आणि दोन रेषांचा तालवाद्य-स्टाफ त्यात बनवता येतो. पैसे घालायचे तर डोरिको किंवा सिबेलियस. फिनाले नव्याने शिकू नका, ते ऑगस्ट 2024 मध्ये कंपनीने बंद केल्याचं जाहीर केलंय.

---

गजरा_गट्टा

सुराचं. पांढरी दोनसाठी सव्वापाच इंची तोंड घ्या, पाच इंचीही चालेल. काळी एकच्या साडेपाच इंची पुडीला (तबल्यावरचं कातडं) ठोकून ठोकून डीवर नेऊ नका. चढेल, पण आस (रेंगाळणारा नाद) तोकडी होईल, चाट (किनार) कडक बोलेल आणि गजऱ्याजवळ (पुडीभोवतीची वेणी) पुडी फाटायची भीती. एका पुडीला थोडंसंच खाली-वर सुखाने झेपतं.

आता एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बरेच ऑर्केस्ट्रे ए हा सूर 440 हर्ट्झवर नाही, तर 442 वर मिळवतात, युरोपात तर सर्रास. फरक सुमारे 8 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), तो गजऱ्यावर दोन ठोक्यांत भरून निघतो. खरी मेख पुढे आहे. मंचावर ओबो (एक फुंकवाद्य) सगळ्यांना 'ए' देतो. तुमचा तबला सी शार्पला असेल आणि तुम्ही त्या 'ए'वरून कानाने सी शार्प लावलात, तर तुमचा कान आपला शुद्ध गंधार शोधतो. तो शुद्ध गंधार पियानोच्या पट्टीपेक्षा 14 सेंट उतरलेला असतो. तबला तुम्हाला सुरेल वाटतो, फ्लूटला उतरलेला. मग तालमीत दोघंही एकमेकांकडे बघतात. डीच्या तबल्याला हा त्रास जवळपास नाही, कारण ए हा त्याचा पंचम, आणि शुद्ध पंचम आणि पट्टीचा पंचम यांत जेमतेम 2 सेंट फरक. तरीही ट्यूनर 442 वर ठेवून एकदा बघून घ्या. (तुमच्या ताफ्यात ओबो नाही, तेव्हा मुख्य व्हायोलिनवादकाकडून ए मिळेल, हिशेब तोच.)

मिळवण्याचा क्रम नेहमीचाच: आधी गट्ट्यांवर (वादीखालचे लाकडी ठोकळे) ढोबळ, मग गजऱ्यावर समोरासमोरची घरं. एक घर ठोकलं की त्याच्या समोरचं, सोळाही घरं एका आवाजात येईपर्यंत. ऑर्केस्ट्राबरोबर फरक एवढाच की हे मंचावर करायला मिळत नाही. रचनेच्या दोन भागांमधल्या शांततेत हातोडीचे दोन ठोके चालून जातात, दहा नाही. म्हणून तबला विंगेत नाही, मंचावरच्याच हवेत अर्धा तास आधी नेऊन ठेवा. एसी हॉलच्या विंगेत दमट हवा आणि मंचावर दिवे, पुडी तापते आणि सूर चढतो. पावसाळ्यात मुंबईत आणखी एक: बाहेरून आणलेली पुडी ओल पिऊन उतरलेली असते आणि एसीत सुकत सुकत मध्यंतरापर्यंत वर जाते.

डीचे दोन तबले मिळवून शेजारी ठेवा. दुसरा किंचित, अगदी पाच सेंट, उतरता. पहिला चढला तर दुसरा तोवर बरोबर जागेवर आलेला असतो.

---

फेडर_खाली

आवाजाचं बोलू. तुमच्याकडे टिंपनी नाही हे उत्तम. डग्ग्याचा घुमार आणि टिंपनी (मोठे नगारे)-कॉन्ट्राबास एकाच पट्ट्यात येतात. डग्ग्याची मींड ऐकू यायला हवी असेल तिथे बास पूर्ण थांबवा किंवा पिझिकाटोवर आणा. ते फेडरने (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी) सुटणार नाही, स्कोअरमध्येच सुटतं. तसंच, किनारीचा ना व्हायोलिनच्या ट्रेमोलोत (थरथरता सूर) हमखास बुडतो. हॉर्नचा लांब सूर तर सगळंच झाकतो. विस्ताराखाली हॉर्न ठेवायचेच तर म्यूट लावून, पियानिसिमो (अगदी हळू).

बसायची जागा: कंडक्टरच्या डाव्या हाताला, एकल वादकाची असते तीच. पण जमिनीवर बसलेला तबलजी खुर्चीवरच्या वादकांना दिसत नाही, त्यालाही कंडक्टरची बोटं दिसत नाहीत. दीड बाय दोन मीटरचा, 40 सेंटिमीटर उंचीचा मंच लागतो. तो पोकळ प्लायचा असला तर डग्ग्याबरोबर स्वतःच घुमतो, म्हणून वर रबरी मॅट, त्यावर सतरंजी. तबला कंडक्टरकडे थोडा तिरका, म्हणजे मान न वळवता वर बघता येतं.

माइक दोन. दायांला एक, शाईच्या सरळ वर नाही, किनारीच्या बाजूने तिरका, पंधरा-वीस सेंटिमीटरवर. डग्ग्याला दुसरा, हाताच्या मनगटाच्या विरुद्ध बाजूने. एसएम 57 सारखा साधा डायनॅमिक माइक दायांला पुरतो आणि मागच्या व्हायोलिनचा आवाज कमी उचलतो. जमशेद भाभा थिएटरसारख्या 1,109 आसनांच्या हॉलमध्ये तबल्याचा आवाज वाढवायचा तो इतकाच की माइक आहे हे कळू नये. मैफलीतला डग्गा इथे आणलात तर ऑर्केस्ट्रा टीव्हीवर चालू असल्यासारखा वाटेल.

आणि लय. मंचाच्या मागच्या टोकाचे हॉर्न तबलजीपासून बारा मीटरवर असू शकतात. आवाजाला तेवढं अंतर कापायला 35 मिलिसेकंद लागतात. द्रुत तीनताल मिनिटाला 200 मात्रांच्या लयीत धरा: एक मात्रा 300 मिलिसेकंद, चौगुणीतला (मात्रेत चार) एक बोल 75. म्हणजे हॉर्नवाले कानाने ऐकून वाजवायला गेले तर अर्धा बोल मागे. त्यामुळे दूरच्या वाद्यांच्या बाबतीत कान बंद, डोळे कंडक्टरच्या हातावर. कानात क्लिक (यंत्राचे लयीचे ठोके) घेतलात तर हा प्रश्नच राहत नाही.

---

खाली_भरी

@फेडर_खाली, बाकी सगळं मान्य, क्लिक नाही. फ्यूजनच्या कार्यक्रमात ठीक आहे. इथे पेशकार आहे, आणि पेशकारात बोल मात्रेच्या किंचित मागेपुढे झुलतात, त्या झुलण्यालाच लोक दाद देतात. शिवाय क्लिक फक्त तबलजीच्या कानात, कंडक्टर आणि तीस जण मोकळे. मग लय कुणाची? एक तर सगळ्यांना क्लिक, नाही तर कुणालाच नको.

हां, तबलजीने मात्र एक सवय मोडायला हवी. एकल वादनात लय हळूहळू वाढत जाते आणि ते आपल्याला रीतसर वाटतं. स्कोअरवर मिनिटाला 66 मात्रा असं लिहिलंय आणि विस्तारानंतर ती 74 झाली, तर पुढचा लिहिलेला भाग सगळ्यांनाच अंगावर येतो. लय वाढवायचीच असेल तर ती लिहा: अमुक बारपासून अमुक बारपर्यंत, 66 ते 80.

---

फेडर_खाली

द्रुत भागापुरती तरी क्लिक ठेवा म्हणेन. पण ठीक, रचना तुमची नाही आणि माझीही नाही. 🙂

---

आमद_वाला

भरभरून मिळालं, आभार. डीचा तबला पक्का. दोन शंका उरल्या. विस्तार 'सहा आवर्तनं' असा बांधायचा की खुला ठेवायचा? आणि थोडं पुढचं: तबलजी म्हणून उभं राहून रचनाकार म्हणूनही काम करायचं, तर सुरुवात कन्चेर्तोनेच (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्राची रचना) करणं शहाणपणाचं आहे का? ऑर्केस्ट्रेशन दुसऱ्याकडून करून घेतलं तर रचना कुणाची?

---

तिसरा_डेस्क

पहिल्याचं उत्तर. तीन पद्धती चालतात. मोजलेली आवर्तनं: सर्वांत सुरक्षित, पहिल्या प्रयोगाला हीच. फिरता भाग: लेहऱ्याचे चार बार पुनरावृत्तीच्या खुणेत, वर 'खूण मिळेपर्यंत', आणि खूण म्हणजे ठरलेली एकच तिहाई. ती दुसऱ्या कुठल्याही जागी वाजवायची नाही, हा तबलजीने पाळायचा नियम. रंगात आला की नेमकी तीच बोटात येते, म्हणून खुणेसाठी रोजच्या हातातली तिहाई निवडू नका. तिसरी म्हणजे काडेन्झा: ऑर्केस्ट्रा पूर्ण गप्प, तबला एकटा, शेवटी लिहिलेली तिहाई आणि तिच्या सतराव्या मात्रेवर सगळे. काडेन्झात तिहाईआधी एक आवर्तन साधा ठेका वाजवा. कंडक्टर तेवढ्यात हात उचलतो, हॉर्नवाले श्वास भरून घेतात. ठेक्याविना थेट तिहाई आली तर वरच्या सगळ्या क्यूंचा उपयोग शून्य.

---

हिशेबी_मुखडा

दुसऱ्या भागाचं मी लिहितो.

झाकीर हुसेन यांचाच क्रम बघा. 1973 मध्ये शक्ती हा फ्यूजन गट. 1987 मध्ये 'मेकिंग म्युझिक', बासरी, गिटार आणि सॅक्सोफोनबरोबर. मग चित्रपटांचं संगीत. ऑर्केस्ट्रासाठी पहिली मोठी गोष्ट 'द मेलडी ऑफ रिदम', तीही एकट्याची नाही: बँजोवादक बेला फ्लेक आणि एडगर मायर यांच्यासह तिघांची, आणि मायर हे स्वतः ऑर्केस्ट्रासाठी लिहिणारे रचनाकार. तिचं ध्वनिमुद्रण 2009 मध्ये डेट्रॉइट सिंफनीबरोबर आलं. 2011 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनीसाठी चार एकल कलाकारांचा कन्चेर्तो. 'पेशकार' त्यानंतर, 2015 मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. इतका नावाजलेला माणूसही आधी दोन-चार वाद्यांसाठी, मग जाणत्या भागीदारांबरोबर, आणि मग एकट्याने, असा गेला. तेव्हा पहिली रचना तबला आणि स्ट्रिंग क्वार्टेटसाठी लिहा. चार वादक, आठ मिनिटं, तालमी हव्या तितक्या करता येतात, आणि क्वार्टेटमध्ये चुकलेलं लगेच ऐकू येतं. कन्चेर्तोतल्या तंतुवाद्यांचा सांगाडा तिथेच तयार होतो.

उलटा रस्ताही आहे. कॅनडातले डिनुक विजेरत्ने यांनी 2011 मध्ये तबला कन्चेर्तो लिहिला. ते रचनाकार-कंडक्टर, तबलजी नव्हेत, वाजवणारा वेगळा. त्यात तबल्याचा भाग बराचसा बांधलेला असणं ओघानेच आलं. एकल तालवाद्याखाली ऑर्केस्ट्रा किती पातळ ठेवावा हे शिकायला दारियुस मियोचा 1930 च्या सुमाराचा छोटा पर्कशन कन्चेर्तो (सातेक मिनिटांचा) आणि जेम्स मॅकमिलनचा 1992 चा 'वेनी, वेनी, इमॅन्युएल', जो तालवादक एव्हलिन ग्लेनीने पहिल्यांदा वाजवला, हे दोन्ही स्कोअर समोर ठेवून ऐका. तबल्याशी संबंध नाही, पण 'इथे बाकीचे का थांबले' हा प्रश्न पानोपानी विचारत गेलात तर फेडर_खाली यांना फेडरला हात लावावा लागणार नाही.

आता मालकी. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीताचा रचनाकार म्हणजे रचना करणारा, मग त्याने ती नोटेशनमध्ये उतरवलेली असो वा नसो. म्हणजे स्टाफवर दुसऱ्याने लिहून दिलं एवढ्याने रचना त्याची होत नाही. पण ऑर्केस्ट्रेटरने नुसतं लिप्यंतर केलं, की सुरावटी आणि प्रतिसूर स्वतः रचले, यात मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात तो सहरचनाकार ठरू शकतो. हे काम सुरू होण्याआधी एका पानावर लिहून सही घ्या: नाव कसं छापायचं (रचना अमुक, ऑर्केस्ट्रेशन तमुक), रॉयल्टीची वाटणी टक्क्यांत, स्कोअरची मूळ फाइल कुणाकडे. फाइलचं कलम कुणी लिहीत नाही आणि भांडण बहुतेक वेळा तिथेच होतं. दोन वर्षांनी दुसऱ्या ऑर्केस्ट्राला हॉर्न काढून क्लॅरिनेट घालून हवे असतात, आणि हातात फक्त पीडीएफ असते.

घराण्यातले पारंपरिक कायदे-गती (तबल्याच्या बांधलेल्या रचना) वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, पण कुणा हयात किंवा अलीकडच्या उस्तादांची बांधलेली चीज असेल तर लागते. संरक्षण मृत्यूनंतर 60 वर्षं चालतं. कार्यक्रम-पत्रिकेत 'पारंपरिक' आणि 'स्वरचित' वेगळं छापा. रचना आयपीआरएसकडे (रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नोंदवायची असेल तर सभासद रचनाकार म्हणून व्हा; वादक म्हणून मिळणारे हक्क निराळे, ते रचनेत मिसळू नका.

ऑर्केस्ट्राने रचना मागवली असेल तर करारात तीन गोष्टी बघा: पहिल्या प्रयोगाचा हक्क किती महिने त्यांच्याकडेच राहणार, पार्टच्या छपाईचा खर्च कुणाचा, आणि ध्वनिमुद्रण केलं तर किती मिनिटं फुकट वापरता येतील. मानधनाच्या आकड्यावर घासाघीस करून सगळे थकतात आणि छपाई आपल्या गळ्यात पडते. सतरा डेस्कांच्या प्रती बी4 वर, दोन्ही बाजूंनी, चांगल्या कागदावर काढून बघा, कळेल.

---

गजरा_गट्टा

एक राहिलं. पार्ट कितीही चांगले काढा, छपाईचा कागद चकचकीत नको. दिव्यांखाली चमकतो आणि तिहाईचे क्यू नेमके दिसत नाहीत. आणि पावडरचा डबा मंचावर नेऊ नका, शेजारच्या व्हायोलिनवाल्याच्या गजावर उडते. हाताला आधीच लावून या.

---

आमद_वाला

क्वार्टेटपासून सुरू करतो. तिहाई दोन्हीकडे तीच ठेवतोय, रूपकात बेदम, तीनतालात दमदार. पहिली दहा पानं झाली की इथेच टाकतो, फुल्या मारायला लाल पेन तयार ठेवा.